कोपरा कापलेली कार्डं

सकाळी परसात गेले तर संडासाच्या दारापुढं रांगोळी काढलेली होती. रंग भरलेलं कमळ होतं आणि दाराच्या कडीला झेंडूचं फूल अडकवलेलं. सून आत चहा गाळत होती. मी विचारलं, ही काय थेरं आहेत. ती म्हणाली, आई, आज जागतिक शौचालय दिन आहे.

मी तिला भरपूर बोलले. देवापुढची रांगोळी कुठं काढलीस, लोक तोंडात शेण घालतील, तुझ्या माहेरी असलं चालत असेल. ती ऐकून घेत होती. ती सगळं ऐकून घेते आणि आपलं सोडत नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आई, हा बांधला नव्हता तेव्हा तुम्ही कुठं जात होता?"

कुठं जाणार? रस्त्याच्या कडेला जात होतो. ट्रकचा उजेड अंगावर आला की उभं राहायचं, ट्रक गेला की बसायचं. चाळीस वर्षं अशी उठबस केली. पोटुशी असताना केली, तापात केली. दिवसा पोटात कळ आली तर दिवस मावळायची वाट बघायची. हे दार बसवलं त्या दिवशी मी आतून कडी लावली आणि काम नसताना अर्धा तास आत बसून राहिले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही सांगितलं नाही. चहा प्याले आणि रांगोळीवर पाय पडू न देता आत गेले.

सून नाशिककडची. पंधरावी शिकलेली. लग्नाआधी एका ऑफिसात कागद तपासायच्या कामाला होती. आता गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देते. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं पहिल्यांदा आमची येळवस बघितली. मार्गशीर्षातल्या अवसेला आम्ही घराला कुलूप लावून शेतात जातो. सगळं गाव रिकामं होतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी आणि आंबील न्यायची, दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. पिकात आंबील शिंपडताना 'ओलगे ओलगे' म्हणत फिरायचं. त्याचा अर्थ काय ते माझ्या सासऱ्यालाही ठाऊक नव्हतं. सुनेनं कोपीत बसून फोनवर नाशिकला सांगितलं तर तिकडं कोणी येळवस हे नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. ती मला म्हणाली, एवढा मोठा सण आणि दोन-चार जिल्ह्यांच्या बाहेर कोणाला पत्ता नाही, मग जगात असे किती सण असतील? मी म्हटलं असतील, आपल्याला काय करायचं, भज्जी वाढ.

पण तिला ते लागलं. तिनं एक वही केली. मोबाइलवर बघून कुठल्या दिवशी कशाचा दिवस असतो ते लिहून काढलं. चिमणीचा दिवस, मातीचा दिवस, हात धुवायचा दिवस. कुठल्या तरी देशात हरवलेल्या मोज्याचाही दिवस असतो म्हणे. आमच्या घरात मोजे कोणी घालत नाही, म्हणून तिनं माळ्यावरून जोडी तुटलेली एक चप्पल काढली, तिच्यात माती भरली आणि शेवंतीचं रोप लावलं. हा दिवस मला फालतू वाटला आणि मी तसं सांगितलं. शेवंती मात्र लागली.

एक दिवस डावऱ्यांचा आला. माझा लेक डावरा आहे. लहान असताना त्यानं डाव्या हातानं घास घेतला की मी त्याच्या हातावर उलथनं मारायचे. रागानं मारायचे असं काही नाही, सवय मोडावी म्हणून मारायचे, सगळ्या आया मारायच्या. सून म्हणाली, आज घरात सगळी कामं सगळ्यांनी डाव्या हातानं करायची. मी हट्टानं भाकरी करायला बसले. परातीत भाकरी थापताना ती एका बाजूला जाड आणि एका बाजूला पदराएवढी पातळ झाली. उचलताना फाटली. तव्यावर बोटं पोळली. तीन भाकऱ्या करायला मला चहा थंड होऊन साय धरेपर्यंत वेळ लागला. लेक समोर बसला होता. तो हसला नाही. फाटलेली भाकरी घेतली आणि डाव्या हातानं खाल्ली. त्या दिवसापासून मी सुनेच्या वहीला नावं ठेवणं कमी केलं. बंद केलं नाही.

मला सांगायचं आहे ते टपालाच्या दिवसाचं.

दसऱ्याच्या आसपासचे दिवस होते, सोयाबीनची काढणी चालली होती. सून तालुक्याला गेली आणि पोस्टातून कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. तिनं गल्लीत सांगितलं, उद्या टपालाचा दिवस, प्रत्येकीनं एका माणसाला एक कार्ड लिहायचं. बायका म्हणाल्या, फोन आहे की. सून म्हणाली, फोनवर रोज काय बोलता? जेवलात का, हो जेवलो. कार्डावर तेवढंच लिहिलं तर खाली जागा उरते, मग काहीतरी खरं लिहावं लागतं. हे तिचं बोलणं मला पटलं.

आमच्या गल्लीत एके काळी लिहिता येणारी बाई मी एकटीच होते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर गोल, आणि चौथी झालेली सून म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती. सगळ्यांची कार्डं मी लिहायचे. कोणाला माहेरची आठवण येते, कोणाच्या दिरानं काय केलं, कोणाला दिवस गेलेत, हे नवऱ्याच्या आधी मला कळायचं. शुभ कार्डाला हळद-कुंकवाचं बोट लावायचं. मयतीचं असेल तर लिहून झाल्यावर कार्डाचा एक कोपरा फाडायचा. असलं कार्ड आलं तर ते घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं. वाचता येत नसेल तर पोस्टमन गाव सांगतो तेवढं ऐकायचं, कार्ड फाडून टाकायचं आणि मयतीच्या घरी निघायचं. हिंदूंत तसंच आणि मुसलमानांतही तसंच.

हे सुनेला सांगावं असं मला सुचलं नाही. उन्हात चप्पल घाल असं कोणी कोणाला सांगत नाही, तसं ते होतं. तिच्या जन्मानंतर कार्डंच बंद झालेली, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर बायका जमल्या. पोरीबाळींना लिहिता येत होतं, पण म्हाताऱ्या माझ्याकडंच आल्या. मी चष्मा लावून लिहायला बसले. माझं स्वतःचं कार्ड मी येडशीच्या नणंदेला लिहिलं. तिनं दिलेल्या लोणच्याला बुरशी आली, पुढच्या वर्षी मीठ जास्त घाल, असं लिहिलं. फोनवर हे मला सांगता आलं नव्हतं.

शेजारची भाबी तेवढी आली नाही. आमच्या घराला घर लागून आहे, मधली भिंत एक. पन्नास वर्षांचा शेजार आहे. तिच्या पोरांना माझ्या घरच्या येळवशीची भज्जी पाठ आहे आणि माझ्या लेकाला तिच्या ईदचा शिरखुर्मा. ती आपल्या दारात सुपात तूर घेऊन बसली होती. डोळ्यांनी निवडत नव्हती, बोटांनी निवडत होती. मी कार्ड आणि पेन घेऊन तिच्याकडं गेले, कारण तिला कोणाला लिहायचं आहे ते मला ठाऊक होतं.

भाबीला एकच धाकटी बहीण, उमरग्याला दिलेली. दोघींची आई शेवटी भाबीकडं असायची. ती इथंच गेली, भर उन्हाळ्यात, सकाळी. भाबीच्या मुलानं उमरग्याला फोन लावला. त्या घरात फोन एकच होता, तो धाकटीच्या मुलाकडं, आणि तो ट्रक घेऊन हैदराबादच्या वाटेवर. फोन लागला नाही. ऊन फार, थोरली माणसं म्हणाली ठेवता येणार नाही. दुपारच्या नमाजानंतर माती दिली. कोणाकडून तरी ऐकून धाकटी दिवस कलताना आली, तेव्हा लोक कबरस्तानातून परत येऊन हातपाय धूत होते. ती गल्लीतच उभी राहिली. मी माझ्या ओट्यावर होते, मी ऐकलं. ती म्हणाली, "अम्मीचं तोंड मला दाखवलं न्हायस आपा. आता तुझ्याच मातीला येईन." पाणी न पिता आल्या पावली गेली.

त्याला अकरा वर्षं झाली होती. भाबी म्हणायची माझी काय चूक, आणि तिची चूक नव्हतीच. पण धाकटीचीही नव्हती. कोणाची चूक नसली की भांडण मिटवायला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. दोन्हीकडच्या मुलांनी फोन लावून दिले तर दोघी फोन हातात घेत नसत. पुढं तिकडचा नंबर बदलला, तो कोणी कोणाला दिला नाही.

आणि भाबीला साखर. एक डोळा गेलेला. दुसऱ्याचं धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की वर्षभर चालला तर चालला. हे तिनं मला सांगितलं होतं, घरात नाही. मी तिला विचारलं होतं, भीती वाटते का. ती म्हणाली, "अंधार झाला तर झाला. घर मला पाठ हाय. छोटीचं तोंड तेवढं पाठ न्हाय आता. अकरा वर्षांत बदललं असंल."

म्हणून मी कार्ड घेऊन गेले. ती आधी नक्को म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, लिव. मी खुशाल हाय. तू खुशाल असशील. माझ्या डोळ्याला काय झालेलं न्हाय. येण्याची तकलीफ घेऊ नको.

मी विचारलं, तुझ्या डोळ्याचं तिला कोणी सांगितलंय का? नाही म्हणाली. मग काय झालेलं न्हाय हे कशाला लिहायचं? ती म्हणाली, तुला लिवाय बसवलंय का इचाराय?

मी लिहिलं. सून म्हणाली होती तसं खाली जागा उरली. त्या जागेत मी माझ्या मनानं लिहिलं: 'वरचं खोटं आहे. एक डोळा गेला, दुसरा चालला. तिला तुझं तोंड बघायचं आहे. लवकर ये.' भाबीला वाचून दाखवताना मी फक्त वरचं वाचलं. आयुष्यात इतकी कार्डं लिहिली, दुसऱ्याच्या कार्डात माझी ओळ कधी घातली नव्हती. त्या दिवशी घातली आणि मला त्याची लाज वाटली नाही. उलट मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

संध्याकाळी सुनेनं सगळी कार्डं गोळा केली. एकेक पत्ता आणि पिनकोड तपासला. सकाळी लेकानं ती पेटीत टाकली.

चौथ्या दिवशी येडशीहून नणंदेचा फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग म्हणाली, "वैनी, कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोण जाणार? म्हशीसुद्धा दावणीला हायत."

तिनं कार्ड न वाचता फाडलं होतं. लोणच्याचं तिला आजतागायत कळलेलं नाही. तिचा फोन ठेवते तोवर समोरच्या घरात फोन वाजला, मग मागच्या गल्लीत. तासाभरात जिकडंतिकडं तेच. आमच्या इकडच्या वाशीहून एकीचा भाऊ भावकीतल्या दोघांना घेऊन मोटारसायकलवर आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, तिघांचे डोळे लाल. ज्या बहिणीसाठी रडत आले ती खळ्यावर सोयाबीनच्या काडात उभी होती. भावाचा असा संताप झाला की तो तिच्याशी बोलेना. मग तिघं जेवून गेले.

मी सुनेला विचारलं, तू त्या कार्डांना काय केलंस? तिनं कात्री आणून दाखवली. म्हणाली, तपासलेलं कार्ड ओळखू यावं म्हणून खालचा कोपरा कापला, म्हणजे तेच पुन्हा तपासायला नको, आमच्या ऑफिसात असंच करायचो. अगदी सरळ रेषेत, सगळे कोपरे एकसारखे कापलेत, असंही म्हणाली.

मी कात्री तिच्या हातातून घेतली. मग तिला कोपऱ्याची रीत सांगितली. तिचा चेहरा उतरला. पण ती रडत बसली नाही. वही घेतली, कोणी कोणाला कार्ड लिहिलं त्याची यादी काढली, घरोघर जाऊन नंबर घेतले आणि संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन लावत राहिली. तुमच्याकडं कार्ड येईल, आलं असेल, सगळे खुशाल आहेत, चूक माझी आहे. काही जणांनी तिला शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि पुढचा नंबर लावला. माझ्या हातून एवढी मोठी चूक झाली असती तर मी महिनाभर दाराबाहेर तोंड काढलं नसतं. त्या संध्याकाळी ती मला आवडली. रांगोळीच्या दिवशीपेक्षा जास्त.

यादीत एकच नाव राहिलं. उमरग्याचं. त्या घराचा नंबर कोणाकडं नव्हता.

मी आणि सून भाबीकडं गेलो. मी तिला झालेलं सांगितलं. तिनं विचारलं, कार्ड पोचलं असंल का. मी म्हटलं, बाकीची पोचली तर तेही पोचलं असेल. सून म्हणाली, मी उमरग्यात ओळख काढते, उद्या सकाळपर्यंत कोणाला तरी त्यांच्या घरी पाठवते, नाहीतर आमच्या ह्यांना गाडी घेऊन पाठवते.

भाबी म्हणाली, "नक्को."

सुनेला कळलं नाही. ती म्हणाली, चाची, तुमची बहीण समजेल तुम्ही गेलात. भाबी म्हणाली, "समजू दे. मातीला येईन म्हणली होती. मी मेले असं कळून बी आली न्हाय, तर माझं मला कळलं. दोन दिस मला मेलेली राहू दे."

सून माझ्याकडं बघायला लागली. हे बरोबर नाही असं तिला म्हणायचं होतं, आणि ते बरोबर नव्हतंच. बहिणीला असं रडवायचं म्हणजे क्रूरपणा आहे. पण डोळा भाबीचा होता आणि अकरा वर्षंही तिचीच होती. मी सुनेचा हात धरून तिला घरी आणलं.

दुसरा दिवस गेला. कोणी आलं नाही. भाबी सकाळपासून दारात बसून राहिली. तिच्या सुनेनं दोनदा आत बोलावलं, ती उठली नाही. गल्लीतून बुरख्यातली कोणी बाई गेली की ती मान पुढं काढायची, आणि बाई जवळ आली की पुन्हा मागं घ्यायची. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, उमरग्याहून दोन गाड्या बदलाव्या लागतात. मी म्हटलं, व्हय, लागतात. ती म्हणाली, तिचे गुडघे बी दुखतात. मी म्हटलं, व्हय.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. धाकटी पुढं, तिची सून मागं, दोघींच्या हातांत मोठे डबे. धाकटी लांबूनच बोलत येत होती. भाबी नेमकी तेवढ्यात आत गेली होती.

"या घराला मला मातीला बोलवायची रीतच न्हाय. अम्मीला तसंच पुरलं, हिला बी तसंच पुरलं. कार्ड टाकतात, कार्ड. चार दिसांनी कार्ड मिळतं. आणि तुमी अक्का, तुमी शेजारी बसून शेंगा खायलाव. तुमाला बी सांगावंसं वाटलं न्हाय."

मी तोंड उघडलं, पण दाराच्या पडद्यामागून भाबी बोलली. अकरा वर्षांनी बहिणीला तिनं पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "चपला भाईर काढ. आत्ताच फरशी पुसलीय."

धाकटी जिथं होती तिथंच रस्त्यात खाली बसली. डबा कलंडला, तिच्या सुनेनं धरला. भाबी पडदा सारून बाहेर आली.

"तू मेली न्हायस?"

"न्हाय."

"मग कार्ड?"

"ते अक्काच्या सुनेला इचार."

माझी सून हात जोडून उभी होती. धाकटीनं तिच्याकडं बघितलंच नाही. ती उठली, तशीच चपला घालून पायरी चढली आणि भाबीच्या पाठीत दोन गुद्दे घातले. जोरात घातले, मला ऐकू आले. भाबीनं ते घेतले. मग दोन्ही हातांनी बहिणीचं तोंड धरलं, उजेडाकडं वळवलं, चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ आणलं आणि बघत राहिली. पुष्कळ वेळ बघितलं. कपाळ, गाल, हनुवटीवरचा तीळ.

धाकटी म्हणाली, "असं काय बघायलीस?"

"एका डोळ्यानं बघाय येळ लागतो," भाबी म्हणाली. "म्हातारी झालीस की गं छोटे."

"तू काय जवान हायस?"

मग दोघी रडल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्या रडतात तशाच रडल्या.

मयतीच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून धाकटीनं उमरग्याहून डाळ-मटणाचा डालचा आणि भात करून आणला होता. ती म्हणाली, मोठे डबे एवढ्यासाठी की माणसं फार असतील. माणसं झालीच. मी, माझी सून, लेक, भाबीच्या घरचे सगळे. भाबीनं आपल्या मयतीचं जेवण दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, डालच्यात मीठ कमी हाय. धाकटी म्हणाली, रडत रडत केलाय, मीठ कोण बघतंय?

मी वाट बघत होते. मनात म्हणत होते, कोपरा आधी दिसला असेल, तरी माझ्या ओळीनंही थोडं काम केलं असेल. शेवटी राहवेना. मी धाकटीला विचारलं, कार्ड तळापर्यंत वाचलंस ना?

ती म्हणाली, "कुठलं वाचणं अक्का? पोस्टमननं गाव सांगितलं, कोपरा दिसला, मी फाडून लिंबाखाली टाकलं. काल सांजच्याला सून घरी आली तवा बोलले. तिनं बी तुकडे हुडकले न्हाईत, आपल्यात हुडकत न्हाईत. मग गुडघ्याला तेल चोळलं, पहाटं डालचा शिजवला आणि निघालो."

म्हणजे माझा शहाणपणा लिंबाखाली गेला होता. तिला आणलं ते सुनेच्या कात्रीनं.

धाकटीनं मग भाबीला विचारलं, "आपा, काय लिवलं होतं गं त्यात?"

भाबी म्हणाली, "काय न्हाय. खुशाली."

मी भात कालवत राहिले. भाबीला मी घातलेली ओळ ठाऊक नव्हती आणि तिनं सांगितलेल्या ओळी धाकटीला ठाऊक नव्हत्या. दोन्ही ठाऊक असलेली मी एकटी. मी ते आजवर कोणाला सांगितलं नाही. आता लिहिलंय, पण भाबीला वाचता येत नाही.

माझी सून जेवताना खाली मान घालून होती. हात धुताना धाकटीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "पोरी, तुझा दिवस लई वंगाळ हाय. दरसाल करत जा."

धाकटी बारा दिवस राहिली. रोज सकाळी भाबी तिला उजेडात बसवायची आणि बघायची. धाकटी कंटाळायची, म्हणायची माझं काय फोटोवानी करायलीस, पण बसायची. जायच्या दिवशी ती माझ्या लेकाच्या गाडीत चढताना भाबीनं तिला सांगितलं, पोचलीस की फोन कर, मी बी कार्ड टाकीन. धाकटी म्हणाली, "टाक. पण चारी कोपरे मोजून टाक."

त्यानंतर ती येळवशीला आली, ईदला आली. भाबीचा दुसरा डोळा डॉक्टरनं सांगितलं होतं त्यापेक्षा पाच महिने जास्त चालला आणि मग गेला. भाबी घरात भिंतीला हात न लावता फिरते. घर तिला खरंच पाठ आहे.

सुनेची वही आता दुसरी चालू आहे. त्यातले निम्मे दिवस अजून मला फालतू वाटतात. पण साधा मंगळवार असतो, त्यात ती काहीतरी उकरून काढते, आणि चुकलं तर निस्तरते. हे मला जमलं नाही. माझ्या आयुष्यातले मंगळवार नुसते मंगळवार म्हणून गेले.

टपालाचा दिवस आमच्या गल्लीत दरवर्षी होतो. तपासलेल्या कार्डावर सून आता पेन्सिलीनं टिंब देते, कात्री त्या दिवशी मी लपवून ठेवते. भाबीचं कार्ड मी लिहिते. ती सांगते तेवढंच लिहिते. लिहून झालं की ती हात पुढं करते. मी कार्ड तिच्या हातात देते. ती कडेकडेनं बोट फिरवते, एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा एकदा फिरवते. मग म्हणते, "हौ, आता टाक."